गुणकारी पानओवा

अंगणाच्या कोपऱ्यात, गॅलरीतल्या कुंडीत किंवा खिडकीतल्या जुन्या डब्यात हमखास आढळणारी वनस्पती म्हणजे पानओवा. जाड, लुसलुशीत आणि कडेला बोथट दाते असलेले त्याचे पान चुरगाळताच ओव्याचा वास दरवळतो. त्यामुळे मसाल्याच्या डब्यातला ओवा याच झाडाचा, असा समज सर्वत्र आढळतो. पण तो खरा नाही.

मसाल्यातला ओवा हा कोथिंबीर, जिरे व बडीशेप यांच्या कुळातला. त्याची पाने शेपूसारखी बारीक असतात व झाड वर्षभरात संपते. पानओवा मात्र तुळस व पुदिन्याच्या कुळातला असून तो वर्षानुवर्षे टिकतो. दोघांतले साम्य गंधापुरते आहे. ओव्याच्या तेलात थायमॉल हा प्रमुख घटक, तर पानओव्यात कार्व्हाक्रॉल व थायमॉल ही दोन्ही द्रव्ये आढळतात. जमीन व हवामानानुसार त्यांचे प्रमाण बदलते.

पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञ लुरेइरो यांनी १७९० मध्ये या वनस्पतीला 'कोलियस अँबॉइनिकस' हे नाव दिले. इंडोनेशियातील अँबॉन बेटावरून ते पडले. दरम्यानच्या काळात ती 'प्लेक्ट्रँथस' या प्रजातीत गणली जाई. २०१९ मधील पुनर्वर्गीकरणानंतर जुने नाव पुन्हा रूढ झाले.

पानओव्याची भजी महाराष्ट्रात आवडीने खाल्ली जातात. पाने धुऊन पूर्ण कोरडी करावीत, अन्यथा तेल उडते. बेसनात थोडे तांदळाचे पीठ, हळद, तिखट व मीठ घालून, पान त्यात बुडवून मध्यम आचेवर तळावे. वेगळा ओवा घालण्याची गरज नसते. कर्नाटकात या पानांना 'दोड्डपत्रे' म्हणतात. तुपावर जिरे-मिरीसह परतलेली पाने ओल्या नारळाबरोबर वाटून ताकात मिसळली की तेथील 'तंबुळी' तयार होते. तळण वर्ज्य असणाऱ्यांना हा उत्तम पर्याय आहे. कॅरिबियन बेटांवर मांस-माशांना लावण्याच्या हिरव्या वाटणात हीच पाने वापरतात. उत्तर सुमात्रातील बाटक समाजात बाळंतिणीला दूध यावे म्हणून त्यांचे सार देण्याची परंपरा आहे.

घरगुती उपचारांत सर्दी, खोकला, अपचन व पोटातील वायू यांवर पानांचा रस किंवा काढा देतात. केरळात 'पनिकूर्क्क' या नावाने तो लहान मुलांच्या सर्दीसाठी प्रसिद्ध आहे. पानांतील तेल काही जंतूंची वाढ रोखते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. परंतु माणसांवरील अभ्यास थोडे आहेत. म्हणून त्याला आराम देणारा उपाय मानावे, औषधाची जागा त्याला देऊ नये.

तीन बाबतींत दक्षता आवश्यक आहे. पहिली, हा रस मधातून देण्याची पद्धत आहे. पण एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला 'बोटुलिझम' हा घातक विकार होऊ शकतो. दुसरी, खोकला झालेल्या मुलाचा श्वास मोजावा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजल्यावर २ ते ११ महिन्यांच्या बाळात ५० किंवा अधिक, तर १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास आढळल्यास तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर ते गंभीर लक्षण होय. अशा वेळी काढ्यात वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. तिसरी, पानओवा व पानफुटी यांची गल्लत करू नये. पानफुटीचे पान गुळगुळीत व वासहीन असते, त्याच्या कडांवर नवी रोपे फुटतात आणि त्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. पानओव्याचे पान लवदार असते, आणि ओव्याचा वास ही त्याची हुकमी खूण.

लागवड अगदी सोपी आहे. बोटभर लांबीची फांदी खालची पाने काढून भुसभुशीत मातीत खोचली, की काही दिवसांत मुळे धरते. सकाळचे ऊन द्यावे आणि माती कोरडी झाल्यावरच पाणी घालावे. पाणी साचल्यास मुळे कुजतात. शेंडे खुडत राहिल्यास झाड डेरेदार होते आणि घरात ताजी पाने बाराही महिने हाताशी राहतात.