प्लस चार्ज, पण वेळेवर!

मित्रहो, हा बायोटेकवाल्यांचा विषय आहे म्हणून पान उलटू नका. यात आपली फर्स्ट इयरची केमिस्ट्री आहे आणि तिच्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत.

एखादं जनुक बिघडलं तर चांगलं जनुक पेशीत पोचवायचं, ही जीन थेरपीची मूळ कल्पना. पण डीएनए आणि आरएनए दोघांवर मायनस चार्ज असतो आणि पेशीच्या बाहेरच्या बाजूवरही मायनसच! शिवाय उघड्या आरएनएचा रक्तातली एन्झाइम्स फडशा पाडतात. म्हणजे पार्सल तयार आहे, पण कुरियर कोण?

पहिलं उत्तर होतं व्हायरस. पेशीत घुसणं हा तर त्याचा पिढीजात धंदा. पण १९९९ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा अशाच एका ट्रायलमध्ये दगावला. त्याच्या यकृतात अमोनियाचा निचरा करणारं एक एन्झाइम नीट बनत नव्हतं. जनुक घेऊन आलेल्या व्हायरसवर त्याचं शरीर इतकं खवळलं की चार दिवसांत सगळं संपलं. आपल्यापेक्षा लहान होता तो.

दुसरा मार्ग होता व्हायरसशिवायचा. १९८७ मध्ये फिलिप फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात डॉटमा नावाचं कॅटायनिक लिपिड वापरून दाखवलं. अशा लिपिडचे तीन भाग असतात : प्लस चार्जचं डोकं, तेलकट शेपट्या आणि दोघांना जोडणारा लिंकर. प्लस डोकं मायनस डीएनएला धरतं, शेपट्या एकमेकींना चिकटतात आणि पुडी आपोआप बांधली जाते. काचेच्या डिशमधल्या पेशींत हे छान चाललं. शरीरात मात्र कायमचा प्लस चार्ज नडतो. रक्तातली प्रोटीन्स त्याला चिकटतात आणि पेशींनाही तो विषारी ठरतो.

मग डिझाइन करणाऱ्यांनी विचार केला, चार्ज हवा तेव्हाच चालू करता आला तर? इथे आपला जुना मित्र पीकेए येतो. एमसी३ या लिपिडचा पीकेए आहे ६.४४. रक्ताचा पीएच ७.४. सूत्रात आकडे घालून बघा, जेमतेम १० टक्के डोक्यांवर चार्ज येतो. म्हणजे रक्तात ही पुडी जवळजवळ न्यूट्रल.

पेशी ही पुडी गिळते आणि एंडोसोम नावाच्या पिशवीत ठेवते. आपलं पार्सल हॉस्टेलच्या ऑफिसात पडून राहतं ना, तसंच! वेळेत सुटका झाली नाही तर ते पुढे पचवलं जातं. पण ही पिशवी हळूहळू आम्लधर्मी होत जाते. पीएच ५.५ ला तेच गणित ९० टक्के देतं. आता प्लस डोकी पिशवीच्या आवरणातल्या मायनस लिपिड्सना भिडतात. शेपट्यांमध्ये डबल बाँडमुळे बाक असतो, त्यामुळे नीट थर लागत नाही, आवरण विस्कटतं आणि आरएनए बाहेर निसटतो. काम झाल्यावर लिपिड साठून राहू नये म्हणून लिंकरमध्ये एस्टर असतो, तो शरीरात तुटतो.

याच एमसी३ ला घेऊन पॅटिसिरान हे औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. २०२० च्या एमआरएनए लसीही याच जातीच्या लिपिड्समधून आल्या.

आणि २०२५ मध्ये पुन्हा फिलाडेल्फिया! अमोनियाच्याच निचऱ्यातलं दुसरं एन्झाइम नसलेल्या एका तान्ह्या बाळासाठी खास जीन एडिटिंगचं औषध बनवलं गेलं. ते लिपिडच्या पुडीतून दिलं, तेही तीनदा. व्हायरसच्या बाबतीत पहिल्या डोसनंतर शरीर अँटीबॉडीज बनवून ठेवतं, म्हणून तो पुन्हा देणं अवघड असतं. बाळाची प्रकृती सुधारली आणि ते घरी गेलं.

अजून एक अडचण उरली आहे. शिरेतून दिलेल्या या पुड्या मुख्यतः यकृतातच जातात, कारण रक्तातलं एपोई हे प्रोटीन त्यांना चिकटतं आणि यकृताच्या पेशी ते ओळखून पुडी आत ओढतात. मेंदू, हृदय, स्नायू यांचे पत्ते या कुरियरला अजून नीट सापडत नाहीत. डोकं, लिंकर, शेपटी, तिन्हींत बदल करून बघायला भरपूर वाव आहे. फायनल इयरवाले, प्रोजेक्टला विषय शोधताय ना?