लोखंडी वजन आणि कोमट पाणी

दहावीनंतर मी कला शाखेकडे वळलो, त्याचे खरे कारण साहित्यप्रेम नव्हे, पदार्थविज्ञानाची भीती! ‘विशिष्ट उष्माधारकता’ ही संज्ञा मी व्याख्येसकट घोकली होती, अर्थ मात्र कोणाला विचारला नव्हता. दिवाळीच्या सुटीत धाकट्या बहिणीने वही पुढे केली. “दादा, हे गणित का चुकलं रे?” माझी पंचाईत झाली.

गणित असे : १०० अंश सेल्सिअसला तापवलेले अर्धा किलो लोखंड २५ अंशांच्या अर्धा किलो पाण्यात टाकले, तर दोहोंचे तापमान किती होईल? तिने सरळ सरासरी काढली होती, साडेबासष्ट. खरे सांगतो, मलाही ते पटले. उत्तर होते ३२.४!

शेवटी वाण्याकडून अर्ध्या किलोचे लोखंडी वजन मागून आणले. ते दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवले, सांडशीने उचलून अर्धा लिटर गार पाण्यात सोडले. थोड्या वेळाने बोट बुडवले, तर पाणी जेमतेम कोमट. दुसऱ्या पातेल्यात तेवढ्याच गार पाण्यात अर्धा लिटर उकळते पाणी ओतले. तिथे बोट ठेववेना.

दोन्ही वेळा वस्तू १०० अंशांचीच. मग फरक कशाने? एक किलो पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, लोखंडाला सुमारे ०.११. म्हणून लोखंड ६७.६ अंश खाली उतरले, तेव्हा पाणी अवघे ७.४ अंश वर चढले. (पातेल्याने आणि हवेने आपला वाटा घेतला, तो वेगळाच.) तापमान सारखे म्हणून उष्णता सारखी नव्हे, ही गोष्ट १७६०च्या सुमारास ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी प्रयोगांनी स्पष्ट केली. मला ती कळायला पदवीचे दुसरे वर्ष उजाडावे लागले!

मग आजीचा तांब्याचा बंब आठवला. पाच किलो तांबे एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता अर्धा लिटर पाण्यालाही पुरत नाही. सकाळी जळण संपते ते पाण्यापायी, बंबापायी नव्हे.

बहिणीने गणित पुन्हा सोडवले. मी वजन गंजायच्या आत पुसून परत केले. इतके स्वच्छ वजन पाहून वाणी जरा संशयानेच माझ्याकडे बघत होता.