40 सेकंद

पुण्यातल्या एका संघटनेचं सभासद-वार्तापत्र मी काढतो. 12 गुळगुळीत पानं, सत्कारांचे फोटो. मागे रद्दीच्या दुकानात त्याचा गठ्ठा दिसला, पाकिटंही न फोडलेली. त्यानंतर नंदुरबार जिल्ह्यात, धडगावकडच्या एका ग्रामसंघाच्या, सूचना आवाजी निरोपानं पोचवणाऱ्या ताईंबद्दल कळलं आणि मे महिन्यात मी सातपुड्याचा घाट चढलो.

ताई पावरा समाजाच्या, 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या बचत गटांच्या सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती. अंगणभर कैरीच्या फोडी वाळत होत्या. आमचुराचा हंगाम. तो आंबट वास पुढे दोन दिवस माझ्या सदऱ्याला होता; हे लिहितानाही तोंडाला पाणी सुटतंय.

"40 सेकंद," ताई म्हणाल्या. "त्याच्या पुढं बाया ऐकत नाहीत."

हातात बैठकीची सूचना होती, शुद्ध मराठीत: दिनांक, विषयपत्रिका, परतफेड, कर्जमागणीचे अर्ज. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी करून कमरेला खोचली आणि मोबाइल तोंडाजवळ धरून पावरीत बोलू लागल्या. मला शब्द कळेना. पहिली खेप 51 सेकंद. पुसली. दुसरी 43. तीही पुसली.

"काय काढलं?"

"मान्यवर."

तिसरी 39 भरली. मग त्यांनी अर्थ सांगितला. सुरुवात बैठकीपासून नव्हतीच. आभाळ येतंय, फोडी उचला, भिजून काळ्या पडल्या तर व्यापारी भाव पाडेल. मग बैठकीचा वार, आणायचे पैसे, आणि शेवटी पुन्हा वार. बस्स.

2011च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता राज्यात सर्वांत कमी होती, जेमतेम 64 टक्के. वाचता येत नाही म्हणून आवाज, असा हिशोब मी मनात मांडूनही टाकला होता. ताईंनी तो मोडला. गटाची सचिव चांगली शिकलेली आहे, तीही ऐकतेच. हात कैरीच्या रसानं चिकट. पोराला सांगते, लाव रे. पोरगं एकदा लावतं, तिघी-चौघी ऐकतात.

"तुमच्या पुस्तकात पहिलं काय असतं?" त्यांनी विचारलं.

"अध्यक्षांचं मनोगत."

ताई फोडी उलटवत राहिल्या.

रेंज वरच्या मोहाखाली मिळते. तिथं जाऊन त्यांनी व्हॉट्सअॅपवर निरोप सोडला, निळ्या खुणा उमटेपर्यंत थांबल्या नाहीत. ऐकलं की नाही ते बैठकीच्या हजेरीवरून समजतं, म्हणाल्या.

मी परतायला वळलो, पण त्या पलीकडच्या पाड्याच्या वाटेला लागल्या होत्या. तिथं चौघींकडे फोन नाही. अर्ध्या तासाची चढण, वर आभाळ खरोखरच दाटत होतं. मागोमाग गेलो. पहिल्या दारात ताई उभ्यानंच बोलल्या, तेच, त्याच क्रमानं. आतल्या बाईनं उत्तरही न देता अंगणातलं प्लास्टिक फोडींवर ओढलं.