सुट्टीत पोरं कंटाळली? खर्च न करता गावातच खेळवा, पण पाण्यापासून सांभाळा

नवलाख उंबरे (ता. मावळ) : परीक्षा संपल्या, दप्तरं खुंटीला लागली. पहिले चार दिवस मजेत जातात आणि पाचव्या दिवसापासून घराघरात एकच पालुपद सुरू होतं, "आई, कंटाळा आला." शहरातल्या शिबिरांची फी सगळ्यांना परवडत नाही. आई-वडील कंपनीत नाहीतर शेतावर. मग पोराच्या हातात मोबाईल दिला जातो, नाहीतर पोरं दुपारच्या वेळी कुणाला न सांगता विहिरीकडे, शेततळ्याकडे, धरणाकडे निघतात. धोका इथंच आहे. म्हणून सुट्टीत मुलांना काय करायला द्यायचं याचा विचार घरातल्या मोठ्यांनी आधीच करून ठेवलेला बरा.

वेळ आधी ठरवा

सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते दिवेलागण, ही मैदानाची वेळ. अकरा ते चार उन्हाचा तडाखा असतो, तेव्हा झाडाखाली नाहीतर पडवीत बसून करण्यासारखी कामं द्यावीत. बाहेर पडताना टोपी किंवा रुमाल आणि पाण्याची बाटली हवीच. खेळाची जागा एमआयडीसीच्या रस्त्यापासून लांब असावी. तिथं कंटेनर आणि कंपन्यांच्या बस सारख्या चालू असतात, आणि चेंडूमागे धावणारं पोर रस्ता बघत नाही. शाळेचं पटांगण, देवळासमोरची मोकळी जागा किंवा कापणी झालेलं शेत यासाठी चांगलं. शेत दुसऱ्याचं असेल तर आधी विचारून घ्यावं.

विटीदांडू, लगोरी, खो-खो

विटीदांडूला लागतं बाभळीचं लाकूड आणि ते तासून देणारे आजोबा. दांडू लांब, विटी आखूड, दोन्ही टोकांना निमुळती. विटी जिथं पडेल तिथपर्यंतचं अंतर दांडूनं मोजायचं. जुनी माणसं "वकट, लेंड, मूंड, नाल" असं मोजतात. हे शब्द तेलुगूतल्या एक, दोन, तीन, चारशी मिळतेजुळते आहेत. पोरांना हे सांगितलं की मोजायलाही गंमत वाटते. एक नियम मात्र पक्का हवा : विटी उडवताना समोर जवळ कुणी उभं राहायचं नाही. डोळ्याला लागली तर इजा कायमची होऊ शकते. लहानांसाठी टोकं बोथट ठेवावीत.

लगोरीला सात चपटे दगड आणि एक मऊ चेंडू पुरे. चेंडू नसेल तर जुन्या चिंध्या घट्ट बांधून होतो. चेंडू खांद्याच्या खालीच मारायचा, तोंडावर नाही. दगड गोळा करताना हातानं न उचलता आधी काठीनं उलटावेत. उन्हाळ्यात विंचू आणि साप गारव्याला दगडाखाली बसतात.

खो-खोला तर काहीच विकत आणावं लागत नाही. राखेनं रेघा आखल्या की मैदान तयार. नियमाप्रमाणे नऊ जण लागतात : आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसतात आणि एक पाठलाग करतो. गावात सहा-सात पोरं असली तरी खेळ रंगतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. आपल्या मातीतला खेळ कुठवर नेतो, हे पोरांना यातून कळेल.

कंपन्यांमुळे गावात मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कुटुंबं भाड्यानं राहतात. त्यांची मुलं सुट्टीत खोलीतच अडकतात. त्यांनाही हाक मारावी. "खो" म्हणायला भाषा यावी लागत नाही.

दुपारची कामं

गावाच्या नावातच उंबर आहे. पिकलेलं उंबर फोडून पोरांना दाखवा. आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत शेकडो बारीक फुलं असतात, आणि परागीभवन करणारे चिमुकले कीटकही तिथंच वाढतात. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही असं म्हणतात, त्याचं कारण हेच.

आंबा, जांभूळ, चिंच खाऊन झाली की बिया फेकू नयेत. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली भोकं पाडून माती आणि शेणखत भरावं. जांभळाचं बी फार दिवस टिकत नाही, ते ताजंच लावावं. चिंचोका रात्रभर भिजवून लावला तर लवकर रुजतो. पाऊस धरला की रोपं बांधावर लावता येतात. प्रत्येक पोरानं पाच पिशव्या सांभाळल्या तरी खूप झालं.

पाखरांसाठी सावलीत पसरट मातीचं भांडं ठेवावं. पाणी एक दिवसाआड बदलावं आणि भांडं घासावं, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात. कोणता पक्षी किती वाजता येतो, हे पोरांना वहीत लिहायला सांगावं.

मे महिन्याच्या मध्यावर, १४-१५ मेच्या सुमारास, आपल्या भागात दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सरळ उभ्या केलेल्या बाटलीची सावली तेव्हा नाहीशी होते. चार-पाच दिवस आधीपासून रोज त्याच वेळी सावलीच्या टोकाला खूण करत गेलं, तर ती कशी आखडते ते दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे. तेवढं झालं की लगेच सावलीत यावं, आणि सूर्याकडे थेट बघू नये.

पाण्याबाबत सूट नाही

उन्हाळ्यात पोरांना पाणी खुणावतं. जाधववाडीचं धरण जवळ आहे, इंद्रायणीही लांब नाही. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा जीव गेला, ते मावळ विसरलेला नाही.

प्लास्टिक अंथरलेलं शेततळं सगळ्यात फसवं. पाणी शांत दिसतं, पण कडा निसरड्या असतात, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही चढता येत नाही. ज्यांचं शेततळं आहे त्यांनी कुंपण घालावं आणि गाठी मारलेला दोर काठावर खुंटीला बांधून आत सोडून ठेवावा. खाणीच्या खड्ड्यात खोलीचा अंदाज येत नाही, तिकडे फिरकूच नये. पोहायला शिकवायचं तर मोठं माणूस बरोबर हवं, आणि पाठीला डबा किंवा ट्यूब बांधलेली हवी.

पोरांना एक गोष्ट पाठ करून घ्या : कुणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारायची नाही. आरडाओरडा करायचा, काठी, दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन टाकायचा आणि ११२ ला फोन लावायचा. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात.

आळीपाळीनं लक्ष ठेवा

रोज सगळ्यांनी रजा काढणं शक्य नाही. पण एका आळीत सात घरं असतील, तर आठवड्यातला एक-एक दिवस वाटून घेता येतो. ज्या दिवशी ज्याची पाळी, त्या घरच्या आजी, आजोबा किंवा काकूंनी मैदानाच्या कडेला बसायचं. संध्याकाळी पोरं मोजायची आणि घरी पाठवायची. जूनच्या मध्यावर शाळा उघडेल, तेव्हा सगळी पोरं धडधाकट वर्गात बसलेली असावीत.