गोल्फ सुधारायचा आहे? मान खाली ठेवा!

बायपासनंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. नुसते चालणे आमच्याने होईना, तेव्हा आमचे मेहुणे आम्हाला गोल्फच्या मैदानावर घेऊन गेले. तेव्हापासून आम्ही इतक्या चुका केल्या आहेत की सल्ला द्यायला हरकत नाही.

नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात. आम्ही चौदाही नेले. खांदा दुखला, खेळ होता तिथेच राहिला. आता सातच नेतो.

फटका मारताना मान वर करू नका. चेंडू कुठे गेला हे पाहायची आम्हाला एवढी घाई, की चेंडू पायापाशीच असतो आणि आम्ही त्याला आभाळात शोधतो! शोधायलाही २०१९ पासून तीनच मिनिटे मिळतात, पूर्वी पाच मिळत.

खरी मेहनत पटिंगवर घ्या. ७२ पारच्या मैदानात ३६ फटके पटिंगचेच धरलेले असतात. भोक १०८ मिलिमीटर रुंद, म्हणजे दोन चेंडू शेजारी शेजारी सहज मावतील. आमचा एक मावत नाही. घरी सतरंजीवर स्टीलचा पेला आडवा ठेवून सराव करा. काचेचा ठेवू नका. बेगमसाहेबांनी महिनाभर ऐकवले.

परवा तपासणीत डॉक्टर खूश झाले. “किती चालता?” त्यांनी विचारले. अठरा होलांचे मैदान सरळ मोजले तर सहा किलोमीटरच्या आसपास भरते. आमचे नऊ होतात. आमचा चेंडू सरळ जातो कुठे?