बादलीभर पाण्यातील वीज

कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथे १९०२ मध्ये जलविद्युत्केंद्र सुरू झाले. तेथील वीज प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींस मिळाली आणि १९०५ मध्ये तिने बंगळूरचे रस्ते उजळले. आज त्या शहरातील मुलास बटन दाबताच दिवा लागलेला दिसतो; परंतु त्यामागे किती शक्ती खर्च होते, हे त्याच्या दृष्टीस पडत नाही. जी वस्तू दिसत नाही, तिची काटकसर नुसत्या उपदेशाने साधत नाही. ती मोजावयास शिकविली पाहिजे.

हे मोजमाप सोपे आहे. १००० वॉटचे उपकरण एक तास चालले, म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. ९ वॉटच्या एलईडी दिव्यास एक युनिट सुमारे १११ तास पुरते, ७५ वॉटच्या पंख्यास सुमारे १३ तास. २००० वॉटचा गीझर मात्र तेवढी वीज अर्ध्या तासात संपवितो.

बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक उंचीवर वसले आहे. सकाळच्या गारव्यात तेथे स्नानास ऊन पाणी लागते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंश सेल्सियसपर्यंत तापविण्यास सुमारे ३५० वॉट-तास वीज लागते. तेवढ्या विजेवर उपर्युक्त दिवा ३८ तास जळेल! शिवाय शहरास मिळणारे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, शेकडो मीटर उंच चढवून आणावे लागते; तेही विजेच्याच पंपांनी. म्हणजे ऊन पाण्याच्या प्रत्येक बादलीत वीज दोनदा खर्ची पडते. पाऊस अपुरा झाला की पाणी व जलविद्युत् या दोहोंचीही टंचाई भासते.

रिकाम्या खोलीतील दिवा मालविणे योग्यच होय. परंतु मोठा खर्च कोठे होतो, हेही मुलांस कळावयास हवे. त्यासाठी मुलांनी रोज सायंकाळी ठरावीक वेळी मीटरवरील आकडा वहीत टिपावा. मीटरला किंवा तारांना हात मात्र लावू नये. पहिला आठवडा नेहमीप्रमाणे जाऊ द्यावा. दुसऱ्या आठवड्यात घरातील वडील माणसांनी गीझर स्नानापूर्वी थोडाच वेळ लावावा आणि प्रत्येकाने एकाच बादलीत स्नान उरकावे. बाकीचा वापर पूर्वीसारखाच ठेवून दोन्ही आठवड्यांच्या युनिटांची वजाबाकी केली असता बचत किती झाली, हे मुलांस स्वतःच काढता येईल. स्वतः काढलेले उत्तर मूल सहसा विसरत नाही.