बटण दाबलं, पण दार कोण उघडणार?

परदेशातली लेक सुट्टीत येते, आईच्या गळ्यात लॉकेटसारखं आपत्कालीन बटण घालते आणि जरा निर्धास्त होऊन परत जाते. पुण्या-मुंबईत, नाशिक-ठाण्यात हे आता नेहमीचं झालं आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी ही वस्तू चांगलीच आहे, परवडत असेल तर जरूर घ्यावी. पण तिच्याबद्दल इतके गैरसमज आहेत की पैसे मोजूनही ऐन वेळी माणूस तासन्‌तास जमिनीवर पडून राहू शकतो.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ‘बटण दाबलं की रुग्णवाहिका येते’. पुष्कळशी साधी उपकरणं फक्त त्यात भरून ठेवलेल्या नंबरांवर फोन किंवा मेसेज करतात. काही कंपन्या वर्गणी घेऊन चोवीस तासांचं कॉल सेंटर चालवतात. तिथला माणूस आधी आजींशी बोलतो, मग पुढची हालचाल करतो. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारायचा: दाबल्यावर फोन नेमका कुठे वाजतो? बहुतेक घरांत पहिला नंबर अमेरिकेतल्या मुलाचा असतो. तो फोन उचलेलही, पण तिकडून त्याने 112 फिरवला तर तो पुण्याच्या नियंत्रण कक्षाला लागत नाही. 108चंही तेच. पहिले दोन नंबर पाच-दहा मिनिटांत पोचणाऱ्यांचे हवेत: समोरच्या काकू, सोसायटीचा वॉचमन, त्याच भागात राहणारा भाचा. मुलाचा नंबर त्यानंतर. आणि मुलाजवळ शेजाऱ्यांचे, सोसायटीच्या कार्यालयाचे, जवळच्या हॉस्पिटलचे पूर्ण नंबर असायला हवेत.

‘हातात मोबाइल असतोच की,’ असं बरेच जण म्हणतात. मोबाइलमध्ये सोय आहे, हे खरं. 1 जानेवारी 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटण सक्तीचं झालं. साध्या फोनवर 5 किंवा 9 ची कळ दाबून धरायची, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा दाबायचं (नव्या फोनमध्ये पद्धत थोडी वेगळी असू शकते, सेटिंगमध्ये बघून घ्या). पण माणूस पडतो बाथरूममध्ये आणि फोन असतो हॉलमध्ये चार्जिंगला. गळ्यातल्या बटणाचीही तीच गत होते. आंघोळीला जाताना ते खुंटीवर टांगलं जातं आणि ओल्या फरशीवर पाय घसरतो तेव्हा ते बाहेरच असतं. पाण्यात चालणारंच बटण घ्या आणि आंघोळीतही काढू नका.

‘वेळ आली की दाबेलच’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरात नव्वदीपुढच्या 110 जणांवर वर्षभर बारकाईने लक्ष ठेवून केलेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले सुमारे 60 टक्के लोक वर्षभरात पडले. मदतीची बटणं अनेकांकडे होती, तरी जे बराच वेळ जमिनीवर पडून राहिले त्यातल्या बहुतेकांनी ती वापरलीच नाहीत. आपल्याकडच्या घरांत याचं कारण वेगळं शोधायला नको. ‘उगाच कुणाला कशाला त्रास? उठेन हळूहळू.’ या भिडेपायी तास जातात. बराच वेळ एकाच अंगावर पडून राहिलं की दाबल्या गेलेल्या स्नायूंची मोडतोड होते आणि त्यातून रक्तात उतरणारी द्रव्यं मूत्रपिंडांना इजा करतात. म्हणजे हाड मोडलं नसलं तरी जिवावर बेतू शकतं. ‘चुकून दाबलं गेलं तरी कुणी रागावणार नाही,’ हे वाक्य मुलांनी आणि शेजाऱ्यांनी आजींना अनेकदा ऐकवायला हवं.

पडणं आपोआप ओळखणारी घड्याळंही आली आहेत. अ‍ॅपलच्या घड्याळात ही सोय 2018 पासून आहे. जोराने पडल्यावर माणूस मिनिटभर हललाच नाही तर घड्याळ स्वतःच फोन लावतं. मात्र भिंतीला धरून हळूहळू खाली बसलेल्या, खुर्चीतून घसरलेल्या माणसाचं पडणं त्याला कळेलच असं नाही. कॅमेऱ्याचं काय? कुणी बघत असेल तरच त्याचा उपयोग.

आता दाराकडे या, कारण सगळं जमून आलं तरी गाडं इथेच अडतं. एकटी राहणारी आजी संध्याकाळी सातला सेफ्टी डोअर लावते, आतलं दार लावते, वरची कडी घालते, खालचा बोल्ट सरकवते. चोराच्या भीतीने ते योग्यच. पण बटण दाबल्यावर धावत आलेले शेजारी बाहेर उभे राहतात, चावी हातात असूनही उपयोग नसतो आणि सुताराला किंवा अग्निशमन दलाला बोलावण्यात वेळ जातो. दोन्ही दारांना बाहेरून चावीने उघडेल असं चांगलं कुलूप बसवा, रात्री तेवढंच लावा, आतून त्यात चावी अडकवून ठेवू नका. दुसरी चावी विश्वासाच्या शेजाऱ्यांकडे द्या. बाथरूमची आतली कडी तर काढूनच टाका. हा खर्च बटणाच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

14567 ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन पेन्शन, कायदा, छळाची तक्रार, मानसिक आधार यांसाठी आहे. माणूस पडला असेल तर 108 किंवा 112 लावा.

घरात असं उपकरण असेल तर येत्या रविवारी एक करा. दारं रोजच्यासारखी लावून आईला बाथरूममधून बटण दाबायला सांगा. घड्याळ लावून बघा, फोन कुणी उचलला आणि माणूस प्रत्यक्ष आईपर्यंत किती मिनिटांत पोचला. जिथे अडलं ते त्याच आठवड्यात दुरुस्त करा आणि दर महिन्याला बॅटरी तपासताना ही चाचणी पुन्हा घ्या.